वेगळ्या चुली, एक कोठीघर

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतून एक छोटीशी व्यापारी बातमी आली. अमेरिका आणि कॅनडात आपल्या सिनेमांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे तबकड्या विकण्याचं काम डिस्ने कंपनीनं सोनी कंपनीकडे सोपवलं. बातमी वाचून कुणी दचकलं नाही. पण ज्यांना जुनी भांडणं आठवतात त्यांना हसू नक्कीच आलं असेल. कारण ह्याच सोनीला १९७६ साली डिस्ने आणि युनिव्हर्सल ह्या दोन स्टुडिओंनी मिळून कोर्टात खेचलं होतं!

तेव्हा सोनीनं बीटामॅक्स नावाचं यंत्र बाजारात आणलं होतं. टीव्हीवर लागलेला सिनेमा त्यात घरच्या घरी टेप करून ठेवता यायचा. स्टुडिओवाल्यांच्या मते ही सरळसरळ चोरी होती. खटला चांगला सात-आठ वर्षं चालला आणि जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं सोनीच्या बाजूनं निकाल दिला. गंमत बघा, ज्या यंत्रानं आपला धंदा बुडणार म्हणून स्टुडिओ रडत होते, त्याच यंत्रानं पुढं त्यांची तिजोरी भरली. लोक कॅसेटी भाड्यानं आणू लागले, मग विकतही घेऊ लागले. 'द लायन किंग'ची कॅसेट १९९५ मध्ये निघाली, तेव्हा एकट्या अमेरिकेत तीन कोटींच्या आसपास कॅसेटी खपल्या. ही खरेदी कुणासाठी होत होती हे वेगळं सांगायला नको. मूल एकच गोष्ट पन्नास वेळा ऐकतं तसं एकच सिनेमाही पन्नास वेळा पाहतं, आणि तेवढ्या वेळात आईची भाजी चिरून होते! डिस्नेला ही नस बरोबर सापडली होती. एखादं कार्टून काही महिने विकायचं, मग तिजोरीत ठेवल्यासारखं कित्येक वर्षं बाजारातून काढून घ्यायचं. पुन्हा कधी मिळेल ह्याचा नेम नाही, म्हणून आया घाईघाईनं घेऊन ठेवायच्या.

१९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली. कॅसेटपेक्षा पातळ, हलकी. रिवाइंड करण्याची कटकट नाही. भाड्यानं आणण्यापेक्षा विकतच घेऊन टाकू असं वाटावं इतकी सोयीची. २००५ च्या सुमारास अमेरिकेतले लोक वर्षाला जवळजवळ सोळा अब्ज डॉलर तबकड्यांवर खर्च करत होते. २०२३ साली हा आकडा सुमारे दीड अब्जावर आला. म्हणजे रुपयात सोळा आणे होते तिथं आता दीड आणा उरला!

बाकीचे साडेचौदा आणे कुठं गेले? तारेवरून घरात आले. नेटफ्लिक्सनं २००७ मध्ये इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली आणि हळूहळू तबकडीची गरजच वाटेनाशी झाली. पुढं स्टुडिओंनीही आपापली दुकानं तारेवर थाटली. डिस्नेनं २०१९ मध्ये, वॉर्नर आणि युनिव्हर्सलनं २०२० मध्ये. आपलं तबकडीचं गिऱ्हाईक त्यांनी आपणच पळवलं म्हणायचं.

आता ह्यात भागीदारी कुठून आली, ते समजून घ्यायला फार हिशेब लागत नाही. घर चालवणाऱ्या बाईला तर मुळीच नाही. तबकडी छापायला खर्च थोडा. खरा खर्च आहे तो पुढचा. गोदामाचं भाडं, ते सांभाळणारी माणसं, गावोगाव जाणारे ट्रक, दुकानदारांकडे खेपा घालणारे विक्रेते. शिवाय खपल्या नाहीत त्या तबकड्या दुकानदार परत पाठवतो. त्या मोजायच्या, पुन्हा फडताळात लावायच्या. खप निम्मा झाला म्हणून हा खर्च निम्मा होत नाही. ट्रक भरलेला असो की अर्धा रिकामा, डिझेल जवळजवळ तेवढंच लागतं. चार माणसांसाठी पेटवलेली शेगडी दोघांसाठीही पेटवावीच लागते, तसंच हे.

म्हणून जानेवारी २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्स आणि युनिव्हर्सल ह्या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी जाहीर केलं की, अमेरिका आणि कॅनडात तबकड्या विकण्यासाठी आम्ही एकच कंपनी काढतो, निम्मी निम्मी. तिचं नाव 'स्टुडिओ डिस्ट्रिब्युशन सर्व्हिसेस'. २०२१ मध्ये तिचं काम सुरू झालं. सिनेमे ज्याचे त्याचेच राहिले; पण गोदाम, ट्रक आणि दुकानदाराच्या दारात उभा राहणारा माणूस मात्र एक झाला. अमेरिकेबाहेर तर त्यांनी मुलुख वाटून घेतले. ब्रिटनमध्ये वॉर्नरनं दोघांचा माल विकायचा, जर्मनीत युनिव्हर्सलनं. एकाच वाड्यात दोन जावांनी चुली वेगळ्या ठेवाव्यात आणि धान्याचं कोठीघर मात्र एक करावं, असाच हा प्रकार. प्रेम उतू गेलं म्हणून नव्हे, दोन कोठ्या परवडत नाहीत म्हणून.

तशी स्टुडिओंची भागीदारी अगदीच नवी नाही. १९८० च्या दशकात पॅरामाउंट आणि युनिव्हर्सल ह्यांनी परदेशात कॅसेटी विकायला 'सीआयसी व्हिडिओ' ही सामायिक कंपनी चालवली होती. पण ती पसरण्यासाठी होती, परक्या मुलुखात एकट्यानं जाण्यापेक्षा दोघांनी जावं म्हणून. आताची भागीदारी खुद्द घरच्या बाजारात आहे आणि ती आवरतं घेण्यासाठी आहे. मला हा फरक मोठा वाटतो.

मग डिस्नेनं वेगळी सामायिक कंपनी काढण्याच्याही भानगडीत न पडता सोनीलाच माल देऊन टाकला. सोनी १९८९ पासून, म्हणजे कोलंबिया पिक्चर्स विकत घेतल्यापासून, स्वतःच स्टुडिओवाली झालेली. तिची विक्रीची यंत्रणा तयार होतीच. त्याच वर्षी जुलैमध्ये 'डिस्ने मूव्ही क्लब'ही बंद झाला. सभासद व्हायचं आणि पोस्टानं घरी तबकड्या मागवायच्या, अशी ही योजना होती. दुकानंही एकेक करून मिटत होतीच. पोस्टानं भाड्याच्या तबकड्या पाठवणाऱ्या नेटफ्लिक्सनं २९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची लाल पाकिटं रवाना केली आणि गिऱ्हाइकांना सांगून टाकलं, हातातल्या तबकड्या परत करू नका, ठेवून घ्या. 'बेस्ट बाय' ह्या मोठ्या दुकानसाखळीनं २०२४ मध्ये सिनेमांच्या तबकड्या विकणं थांबवलं. किराणा दुकानांच्या दाराशी असणाऱ्या 'रेडबॉक्स'च्या लाल पेट्या, ज्यात कार्ड घालून एका रात्रीपुरती तबकडी घेता यायची, त्या चालवणारी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय? तारेवर सगळं मिळतंच की! इथंच तर खरी मेख आहे. सगळं मिळत नाही, आणि मिळतं ते टिकेलच असं नाही. 'क्रेटर' नावाचा मुलांचा एक सिनेमा डिस्नेनं १२ मे २०२३ रोजी आपल्या तारेवरच्या दुकानात लावला आणि ३० जूनला काढूनही टाकला. पुरते दोन महिनेसुद्धा नाही! आवडला म्हणून पुन्हा पाहायचा म्हटलं तर तबकडी निघालेलीच नव्हती. (पुढं तो ऑनलाइन विकायला ठेवला ती गोष्ट वेगळी.) त्याच्या आदल्या वर्षी एचबीओ मॅक्सनंही डझनावारी कार्यक्रम असेच उतरवले होते. त्यात मुलांची कार्टूनंही होती.

बरं, पैसे मोजून ऑनलाइन 'विकत' घेतलेलं तरी आपलं असतं का? डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनच्या गिऱ्हाइकांना कळवण्यात आलं होतं की, तुम्ही विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम आता काढून टाकले जातील. बरीच ओरड झाली, नवा करार झाला आणि तो बेत रद्द झाला. पण कपाटातली साडी दुकानदार येऊन घेऊन जाऊ शकतो, हे त्या दिवशी लोकांना समजलं. कॅलिफोर्निया राज्यानं तर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथं अशा मालाला नुसतं 'विकत घ्या' म्हणता येत नाही. तुम्हाला मिळतोय तो फक्त पाहण्याचा परवाना, हे स्पष्ट सांगावं लागतं.

म्हणूनच अशा दिवसांतही कधी कधी उलटी लाट येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'ओपेनहायमर'ची तबकडी निघाली. दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन ह्यांनीच प्रेक्षकांना, ही घेऊन घरात ठेवा म्हणजे कुणाला काढून घेता येणार नाही, अशा अर्थाचं चेष्टेच्या सुरात सांगितलं होतं. तिची सर्वांत महागडी, फोर-के आवृत्ती पहिल्याच आठवड्यात ठिकठिकाणी संपली. तो सिनेमा युनिव्हर्सलचा, म्हणजे माल गेला तो ह्याच सामायिक कोठीघरातून. माझ्या मते भागीदारीचं बरं अंग ते हेच. दोन कोठ्या चालवण्याचा हट्ट धरला असता तर दोघांनीही तबकड्या कधीच बंद केल्या असत्या. वाईट अंग असं की, कुठला जुना सिनेमा छापायचा आणि कुठला नाही, दुकानात काय मांडायचं, ह्यात दहा माणसांचं मत लागायचं तिथं आता दोन-चारच उरली. गाजलेल्यांची सोय होईल. न गाजलेल्या, पण कुणाकुणाच्या फार आवडीच्या सिनेमांकडे कोण बघणार?

आपल्याकडचा अनुभव तर ताजाच आहे. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीनं अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी आणि चौतीस रुपयांत डीव्हीडी विकायला काढली, तेव्हा अनेक निर्मात्यांचे सिनेमे एकाच कंपनीच्या वेष्टनात कोपऱ्यावरच्या दुकानात आले, मराठीसुद्धा. पाहुण्यांना हळदीकुंकवाचं वाण म्हणून द्याव्यात इतक्या स्वस्त! २०१८ मध्ये ती कंपनी अवसायनात निघाली. मुंबईतलं काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाऊस' त्याआधीच, २०१६ मध्ये बंद झालं होतं. तेव्हा तुमच्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात जे काही आहे, ते भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चाळून बघा. मुलांच्या आवडीचा एखादा जुना मराठी सिनेमा असा असतो की तो कुठल्याच ॲपवर सापडत नाही.

तबकडी नेहमी कडेनं धरावी. पुसायची तर मऊ सुती फडक्यानं, मध्यापासून कडेकडे सरळ. गोल गोल फिरवून कधीच नाही. ओरखडे जावेत म्हणून टूथपेस्ट चोळण्याचा उद्योग करू नये. डब्यात घालून उभी ठेवावी, एकावर एक रचू नये, उन्हात तर नाहीच. पावसाळ्यात कप्प्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाकाव्यात. लग्नाची किंवा मुंजीची सीडी मात्र वेगळी गोष्ट आहे. ती कारखान्यात छापलेली नसते, फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर भरलेली असते आणि तशी तबकडी छापील तबकडीपेक्षा लवकर खराब होते. तिची नक्कल हार्डडिस्कवर आधी करून घ्या.

आणि न्यू जर्सीतली नणंद येताना डिस्नेच्या डीव्हीडी आणते म्हणाली, तर तिला आधी एक विचारा. डीव्हीडीवर प्रदेशाचा क्रमांक असतो. अमेरिकेचा एक, आपला पाच. तिथली तबकडी इथल्या साध्या प्लेअरवर बहुधा लागत नाही. ब्लू-रेचीही तीच तऱ्हा, तिथं क्रमांकांऐवजी अक्षरं. अमेरिकेचं ए, आपलं सी. कुठल्याही प्रदेशाची तबकडी चालवणारा प्लेअर असेल तरच आणायला सांगावं. आणि तो प्लेअर बिघडला तर फेकू नका, दुरुस्त करून घ्या. सॅमसंगनं २०१९ मध्येच अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर काढणं थांबवलं.