ओले लाकूड कोरताना तडा का जातो?

माझा धंदा कापडाचा, तरी सुतार बांधवांशी रोजची ऊठबस आहे. काही वर्षांपूर्वी बीडमध्ये दुकानासाठी कडुनिंबाची कोरीव चौकट करून घेतली. पावसाळ्यात बसवली तेव्हा ये-जा करणारे थांबून पाहत. एप्रिलच्या उन्हात वरच्या पट्टीला बोट जाईल एवढा तडा गेला. कारागिराच्या हातात ऐब नव्हता. लाकूड ओले होते. त्याची मेहनत गेली, माझा पैसा गेला.

नुकतेच तोडलेले लाकूड पटाशीला मऊ लागते. पण ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की ते आकसू लागते. लांबीत ते फारसे आकसत नाही. मात्र गाभ्याकडून सालीकडे जितके आकसते, त्याच्या जवळजवळ दुप्पट ते गोल कड्यांच्या दिशेने आकसते. म्हणून अख्खा ओंडका वाळताना फाटतो. टोकांतून पाणी सर्वांत लवकर उडते, म्हणून पहिली चीर तिथेच पडते.

उपाय खर्चाचे नाहीत. ओंडका आणल्या दिवशीच टोकांना मेण किंवा ऑइलपेंट लावावा. तो मधोमध चिरून गाभ्याचा मध्य काढून टाकावा. ओले असतानाच ओबडधोबड आकार काढावा आणि जाडी सगळीकडे सारखी ठेवावी. दहा इंची वाडग्याला एक इंच काठ पुरे. मग तो नग त्याच्याच भुशात, सावलीत, वारा लागणार नाही असा ठेवावा. दर आठवड्याला वजन करावे. वजन उतरायचे थांबले की नाजूक नक्षी कोरावी.

आपले जुने सुतार बैलगाडीसाठी बाभळीचे ओंडके पाण्यात बुडवून ठेवत. पाण्यात असेपर्यंत ओंडका फाटत नाही, कीडही कमी लागते. आमच्या कापडधंद्यातही छपाईचे लाकडी ठसे कोरून झाल्यावर दहा-पंधरा दिवस तेलात ठेवतात आणि मगच रंगाला लावतात. घाई तिथेही चालत नाही.

गिऱ्हाईक लग्नाची तारीख सांगून घाई करते, हे खरे. तरी कारागिराने ऑर्डर घेतानाच वाळवण्याची मुदत मागावी. मुदत मिळत नसेल तर लाकूड ओले आहे हे स्पष्ट सांगावे. ओला माल वाळलेला म्हणून दिला तर पुढच्या उन्हाळ्यात तडाच ते सांगतो, आणि गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.