पहिला गेमिंग कॉम्प्युटर : सुरुवात भिंतीपासून

अल मलाझ हा रियाधचा जुना भाग. इथली शाळकरी मुलं मला नेहमी विचारतात, "दादा, गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडायचाय. ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ?" मी म्हणतो, कार्डाचं नंतर बघू. आधी भिंतीतला प्लग बघ!

सौदी अरेबियातल्या घरांत पूर्वी साध्या प्लगला १२७ व्होल्ट वीज असायची आणि एसीसारख्या मोठ्या यंत्रांना २२०. पुढे २०१० मध्ये सरकारने हळूहळू २३० व्होल्टवर जायचं ठरवलं. पण जुन्या इमारतींत अजून जुनी वीज सापडते. कॉम्प्युटरला वीज देणारा भाग म्हणजे पॉवर सप्लाय. त्याच्यावर '१००–२४० व्होल्ट' असं छापलेलं असेल, तर तो दोन्हीकडे चालतो. काही स्वस्त पॉवर सप्लायना मात्र मागे एक छोटं लाल बटण असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. ते ११५ वर ठेवून २३० च्या प्लगला लावलं, की 'फट्' असा आवाज होतो आणि खेळ संपतो. असा पॉवर सप्लाय घेऊच नका.

आता थोडं गणित करू. कॉम्प्युटर ५०० वॅट वीज घेत असेल, तर २३० व्होल्टवर वायरीतून साधारण २.२ अँपिअर प्रवाह जातो. १२७ व्होल्टवर तो जवळजवळ ४ अँपिअर होतो. म्हणून जुन्या घरात बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड वापरायचा नाही. त्याच बोर्डावर चहाची इलेक्ट्रिक किटली तर मुळीच नाही.

हा सगळा पैसा बहुतेक वेळा आई-बाबांचा असतो आणि दर वर्षी मिळत नाही. म्हणून कोणता भाग टिकणार आणि कोणता लवकर बदलणार, हे खरेदीच्या आधी ठरवायचं.

सर्वांत लवकर जुनं होतं ते ग्राफिक्स कार्ड. आज तुम्ही आरटीएक्स ४०६० घेतलं, तर ते ११५ वॅट घेतं. पुढे आरटीएक्स ५०७० घ्यावंसं वाटलं, तर ते २५० वॅट घेतं. आज ४५० वॅटचा पॉवर सप्लाय घेतला, तर त्या दिवशी तोही बदलावा लागेल. पहिल्याच वेळी चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा घ्या. हा भाग दिसत नाही, चमकत नाही, म्हणून मुलं इथे पैसे वाचवतात. मला विचाराल तर रंगीत दिव्यांचे पैसे वाचवा.

मदरबोर्ड घेताना त्याचं सॉकेट बघायचं. सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसायची जागा. एएमडी कंपनीचं एएम-४ सॉकेट इथे चांगलं उदाहरण आहे. २०१७ मध्ये पहिल्या रायझन प्रोसेसरसाठी घेतलेल्या अनेक बोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२ चा रायझन ५८००एक्स३डी बसला. पाच वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलला, बाकी सगळं तेच! आत्ताचं एएम-५ सॉकेट २०२२ मध्ये आलं, आणि २०२७ नंतरही ते चालू ठेवू असं कंपनीने सांगितलं आहे. इंटेलची सॉकेट सहसा लवकर बदलतात.

"रॅम आता थोडी घेतो, नंतर वाढवतो," असं पुष्कळ जण म्हणतात. डीडीआर-५ मध्ये हे तितकंसं जमत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने चांगलं काम करतात, पण चार लावल्या की बऱ्याचदा वेग कमी करावा लागतो. म्हणून दोन पट्ट्यांची जोडी एकदाच घ्या. एसएसडीचं तसं नाही. बोर्डावर दुसरी जागा असेल, तर पुढे केव्हाही लावा.

आता धूळ. इथे शमाल वारा सुटला, की खिडकी बंद असली तरी टेबलावर धूळ बसते. कॅबिनेटच्या पुढच्या जाळ्या काढून धुता येतील अशा हव्यात. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवले, तर फटींतून धूळ कमी शिरते. पंखा साफ करताना त्याची पाती बोटाने धरून ठेवा.

जोडणीचे व्हिडिओ भरपूर आहेत, ते मी इथे सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा : प्रोसेसर दाबून बसवायचा नाही, आणि मॉनिटरची वायर मदरबोर्डला नाही तर ग्राफिक्स कार्डाला लावायची. नाहीतर महागडं कार्ड नुसतं बसून राहतं!

वर्ष-दोन वर्षांनी गेम अडखळायला लागला, की लगेच दुकानात पळू नका. खेळताना कार्डाचा वापर किती टक्के आहे ते बघा. ९५ च्या वर असेल, तर कार्ड दमलंय. ६० च्या आसपास असेल आणि तरी गेम अडखळत असेल, तर बहुधा प्रोसेसर कमी पडतोय.

गल्फमधल्या आपल्या घरांत आणखी एक बदल अचानक येतो. बाबांची किंवा आईची नोकरी बदलते आणि भारतात परतायचं ठरतं. तेव्हा काचेचं मोठं कॅबिनेट इथेच विकून टाका. ग्राफिक्स कार्ड बोर्डवरून काढून वेगळं बांधा, नाहीतर धक्क्याने बोर्डवरची त्याची जागा मोडते. म्हणून खरेदीच्या दिवशीच सगळी रिकामी खोकी माळ्यावर ठेवून द्यायची, आई कितीही ओरडली तरी. पॉवर सप्लाय १००–२४० व्होल्टचा असेल, तर तोच तिकडेही चालेल. फक्त तीन गोल पिनांची वायर नवी घ्यावी लागेल. ती पुण्यात कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातही मिळते.