न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रूएन

न्यूयॉर्क स्टेट रायफल अँड पिस्टल असोसिएशन विरुद्ध ब्रूएन हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील एक महत्त्वाचा खटला आहे. त्याचा निकाल २३ जून २०२२ रोजी ६ विरुद्ध ३ अशा बहुमताने लागला. स्वसंरक्षणासाठी घराबाहेर पिस्तूल बाळगणे हा नागरिकाचा घटनादत्त हक्क असल्याचे या न्यायालयाने येथे प्रथमच मान्य केले. शस्त्रविषयक कायद्यांची वैधता तपासण्याची नवी कसोटीही याच निकालाने घालून दिली आणि पुढील बहुतेक वाद तिच्यातूनच उद्भवले आहेत.

पार्श्वभूमी

१७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत सुनियंत्रित नागरी सेनेची आवश्यकता आणि शस्त्रे बाळगण्याचा जनतेचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आल्या आहेत. हा हक्क नागरी सेनेपुरता आहे की प्रत्येक व्यक्तीचा, हा वाद त्या वाक्यातील दोन भागांच्या परस्परसंबंधाविषयीचा आहे; व्याकरणाच्या प्रश्नावर एवढे काही अवलंबून असल्याची उदाहरणे विरळाच. भारतात असा हक्कच नाही. भारतीय राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदाने शांततेने व शस्त्रांविना एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, आणि बंदूक बाळगणे हा १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील परवान्याचा विषय आहे.

अमेरिकेत हा हक्क व्यक्तीचा असल्याचा निर्णय २००८ साली हेलर खटल्यात झाला. वॉशिंग्टन शहरातील पिस्तूलबंदी त्यावेळी रद्द झाली, मात्र विचार घरात बाळगलेल्या शस्त्रापुरताच होता. २०१०च्या मॅकडोनाल्ड खटल्याने हाच हक्क राज्य सरकारांवरही बंधनकारक केला. उंबरठ्याबाहेर काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला होता.

खटला व निकाल

न्यूयॉर्कमध्ये १९११च्या सलिव्हन कायद्यापासून पिस्तुलासाठी परवाना आवश्यक आहे. लपवून पिस्तूल बाळगण्याचा निर्बंधमुक्त परवाना हवा असल्यास अर्जदाराला ‘योग्य कारण’ दाखवावे लागे. आपल्याला इतरांहून वेगळा, विशेष धोका आहे हे सिद्ध करणे, असा त्याचा अर्थ न्यायालयांनी लावला होता. गुन्हेगारी वस्तीत राहतो एवढे सांगणे पुरेसे नव्हते. राज्यातील दोन रहिवाशांना शिकार व नेमबाजीपुरते परवाने मिळाले, पण निर्बंधमुक्त परवाना नाकारला गेला. त्यांनी संघटनेसह दाद मागितली.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी लिहिला. तोपर्यंत कनिष्ठ न्यायालये सार्वजनिक सुरक्षिततेचे हित आणि हक्कावर येणारी मर्यादा यांचा तौल पाहत असत. थॉमस यांनी ही पद्धत अमान्य केली. निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी सुसंगत आहे हे सरकारने दाखवले, तरच तो टिकेल, असे त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी भिन्नमतपत्रिकेच्या आरंभीच २०२० साली बंदुकीने ४५,२२२ अमेरिकन मृत्युमुखी पडल्याची नोंद केली आणि न्यायाधीशांनी इतिहाससंशोधकाचे काम करावे का, असा आक्षेप घेतला.

परवाना पद्धत मात्र रद्द झाली नाही. ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्यास परवाना देणाऱ्या ४३ राज्यांच्या व्यवस्थेला धक्का नाही, असे न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी स्वतंत्रपणे स्पष्ट केले. फटका बसला तो अधिकाऱ्याच्या मर्जीवर परवाना देणाऱ्या न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स व हवाई या राज्यांना.

रहीमी खटला

नव्या कसोटीची अडचण लवकरच उघड झाली. घरगुती हिंसाचारामुळे न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्या व्यक्तीला बंदूक बाळगण्यास १९९४च्या संघीय कायद्याने बंदी आहे. अठराव्या शतकात असा कायदा नव्हता, कारण पत्नीला मारहाण करणाऱ्याचे शस्त्र काढून घ्यावे असे त्या काळच्या समाजाला वाटतच नव्हते. याच युक्तिवादाने एका संघीय अपील न्यायालयाने २०२३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. म्हणजे ज्या स्त्रियांच्या रक्षणासाठी कायदा झाला, त्यांची जुन्या काळी झालेली उपेक्षाच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरली.

सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०२४ रोजी ८ विरुद्ध १ मतांनी हा निर्णय फिरवला. हुबेहूब जुळणारा जुना कायदा लागत नाही, त्यामागील तत्त्व जुळले तरी पुरे, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले. इतरांना धाक घालणाऱ्याकडून शांतता राखण्याचा जामीन घेणारे जुने कायदे त्यांनी आधार म्हणून घेतले. एकमेव भिन्नमत होते मूळ कसोटीचे जनक थॉमस यांचे.

राज्यांचे नवे कायदे

निकालानंतर आठवडाभरातच न्यूयॉर्कने नवा कायदा केला. त्यात १६ तासांचे वर्गातील व २ तासांचे प्रत्यक्ष नेमबाजीचे प्रशिक्षण आवश्यक केले, आणि भुयारी रेल्वे, रुग्णालये, उद्याने, टाइम्स चौक अशी ‘संवेदनशील’ ठिकाणे शस्त्रमुक्त घोषित केली. शाळा व न्यायालये यांसारख्या जागी बंदी चालेल, परंतु गर्दी आहे म्हणून संपूर्ण मॅनहॅटन बेट संवेदनशील ठरवता येणार नाही, असे थॉमस यांनी आधीच बजावले होते. या दोन टोकांमधील सीमारेषा कोठे, यावर अनेक दावे चालू झाले.

त्यांपैकी एक मुद्दा दुकान, उपाहारगृह अशा लोकांसाठी खुल्या खासगी जागांचा आहे. मालकाने काहीच सांगितले नसेल, तर त्याचे मौन होकार मानायचे की नकार? न्यूयॉर्क आणि हवाई या दोन्ही राज्यांनी तो नकार मानला. एका अपील न्यायालयाने न्यूयॉर्कची ही तरतूद रोखली, तर दुसऱ्याने हवाईची उचलून धरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाईचे प्रकरण सुनावणीसाठी स्वीकारले.