हिमोग्लोबिनचं बटण

आम्ही पडलो सॉफ्टवेअरवाले. जीवशास्त्राशी आमचा संबंध बारावीलाच संपला. पण यंदाचा निधी सिकलसेलच्या रुग्णांसाठी गोळा करायचा ठरला, म्हणून थोडं वाचायला घेतलं आणि चक्क रमलो.

मंडळी, शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे २०,००० जनुकं असतात. जणू सगळ्या मशीनवर एकच प्रोग्रॅम! मग डोळ्यात हिमोग्लोबिन का बनत नाही? कारण जनुकाच्या जवळ, कधी बरेच लांब, डीएनएचे छोटे तुकडे बटणासारखं काम करतात. ठरावीक प्रथिनं तिथे येऊन बसली की जनुक चालू. लाल पेशी घडवणाऱ्या पेशींत 'गाटा-१' नावाचं असं एक प्रथिन असतं.

पुढची गंमत तर औरच. ११व्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनच्या घराण्यातली जनुकं वापरायच्या क्रमानेच ओळीत बसलेली आहेत. आधी भ्रूणाचं, मग गर्भाचं, शेवटी मोठ्या माणसाचं. गर्भाचं हिमोग्लोबिन आईच्या रक्तातून प्राणवायू ओढण्यात पटाईत. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं. सिकलसेलचा दोष आहे मोठ्यांच्या जनुकात, तोही एका अक्षराचा. म्हणून बाळ पहिले काही महिने ठणठणीत दिसतं आणि मग हातापायांना सूज येऊन रडायला लागतं. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांना हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

गर्भाचं जनुक बंद करणारं प्रथिन म्हणजे 'बीसीएल११ए'. बॉस्टनच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने २००८ मध्ये ते दाखवून दिलं. मग तेच काढून टाकावं? छे, ते मेंदूला आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही लागतं. २०१३ मध्ये याच गटाला सापडलं की त्याच्या जनुकाला लाल पेशींपुरतं एक वेगळं बटण आहे. ते बटण मोडलं, की फक्त रक्तातच गर्भाचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू! रुग्णाच्या मूळ पेशी बाहेर काढून, क्रिस्परने नेमकं तेवढंच कापून परत देण्याच्या 'कॅसजेव्ही' उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने डिसेंबरमध्ये मान्यता दिली.

अमेरिकेतली किंमत मात्र २२ लाख डॉलर. एवढ्यात अख्ख्या तालुक्याची रक्ततपासणी होईल हो! तेव्हा आपला निधी जाणार आहे तपासणीला आणि हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांना. जुनं, स्वस्त औषध आहे हे. पण बऱ्याच रुग्णांत तेही गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवतं. गोळ्या रोज घ्याव्या लागतात आणि अधूनमधून रक्त तपासावं लागतं, म्हणून एका वर्षाची देणगी देण्यापेक्षा दरवर्षी थोडी दिलीत तर जास्त उपयोग होईल.