ई-मेलचे अंतरंग (लेखांक सातवा) : साधा मजकूर अर्ध्यावर का तुटतो?

ज्यात ठळक अक्षरे, रंग वा चित्रे नसून केवळ अक्षरांच्या ओळीच असतात, असा साध्या मजकुराचा ई-मेल सर्वांत निर्धोक समजला जातो. प्रत्यक्षात मात्र तो मध्येच तुटून पोहोचल्याची तक्रार ई-मेलइतकीच जुनी आहे. याचे मूळ असे की साध्या मजकुरात मजकूर आणि मजकुराविषयीच्या सूचना एकाच प्रवाहातून वाहतात, आणि मजकुराचा एखादा तुकडा योगायोगाने सूचनेसारखा दिसला तर वाटेतला एखादा प्रोग्राम त्याला सूचनाच मानतो. म्हणून असा दोष शोधताना वाचकापर्यंत काय पोहोचले यापेक्षा न पोहोचलेल्या भागाची सुरुवात कशाने होत होती, हे आधी पाहावे.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पूर्णविरामाचे आहे. ई-मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे एसएमटीपी नावाच्या नियमसंहितेनुसार जातो. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात ती मांडली. संदेश संपला हे कळवण्यासाठी तिने निवडलेली खूण म्हणजे जिच्यात एका पूर्णविरामाखेरीज काहीही नाही अशी स्वतंत्र ओळ. लेखकानेच अशी ओळ लिहिली तर काय, याचे उत्तरही त्याच दस्तऐवजात आहे : पाठवणाऱ्या प्रोग्रामने पूर्णविरामाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या आरंभी आणखी एक पूर्णविराम जोडायचा आणि स्वीकारणाऱ्याने तो काढून टाकायचा. दोन्ही बाजूंनी हा करार पाळला तर वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. पाठवणारा विसरला, तर एकट्या पूर्णविरामापाशी संदेश संपल्याचे गृहीत धरले जाते आणि उरलेला मजकूर सर्व्हर आज्ञा म्हणून वाचू पाहतो. त्या त्याला अर्थातच कळत नाहीत. भ्रमणध्वनीवरच्या कोड्यांत आणि विनोदांत उत्तर खाली ढकलण्यासाठी ओळीमागून ओळ नुसती टिंबे देण्याची जी रीत मराठी वाचकांच्या परिचयाची आहे, ती सदोष प्रोग्रामातून ई-मेलने गेली तर उत्तर कायमचेच गुलदस्त्यात राहील.

हा दोष आजही आढळतो तो बहुधा लोकांच्या नेहमीच्या ई-मेल प्रोग्रामांत नव्हे, तर संकेतस्थळांवरील अर्ज, पावत्या आणि सूचना आपोआप पाठवणाऱ्या घरगुती बनावटीच्या संगणकीय आज्ञावलींत. युनिक्सवरील सेंडमेल हा प्रोग्राम मजकूर घेताना एकट्या पूर्णविरामाला शेवट समजतो. तसे करू नये यासाठी त्याला ‘आय’ हा पर्याय द्यावा लागतो, आणि तो वगळणे ही सहज होणारी चूक आहे. विंडोजवर पीएचपी ही भाषा सर्व्हरशी थेट बोलते तेव्हा ओळीच्या आरंभीचा पूर्णविराम गळून पडतो, असा इशारा तिच्या अधिकृत पुस्तिकेतच दिलेला आहे आणि उपाय म्हणून तो दोनदा लिहिण्यास सांगितले आहे.

दुसरे कारण ओळीच्या लांबीचे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांना ते अधिक जवळचे. नियमानुसार एका ओळीत, ओळ संपल्याच्या दोन खुणा सोडून, ९९८ बाइटांहून अधिक मजकूर नसावा. इंग्रजीत एक अक्षर एका बाइटात मावते, त्यामुळे ही मर्यादा ऐसपैस वाटते. यूटीएफ-८ या प्रचलित संकेतपद्धतीत मात्र देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, शिवाय काना आणि वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे ठरतात. ‘मराठी’ हा तीन अक्षरी शब्द म्हणजे पाच चिन्हे आणि पंधरा बाइट. एंटर न दाबता सलग लिहिलेला परिच्छेद प्रोग्रामाच्या दृष्टीने एकच ओळ असल्याने, अवघ्या ३३२ चिन्हांनंतर मराठी परिच्छेद मर्यादा गाठतो. पुढे काय होईल हे सर्व्हरवर अवलंबून असते : कोणी संदेश नाकारतो, कोणी ओळ मध्येच तोडून नवी सुरू करतो. ती तोड एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधोमध आली तर त्या जागी चौकट किंवा प्रश्नचिन्ह दिसते, आणि चुकीचा बाइट भेटताच वाचन थांबवणारा प्रोग्राम असेल तर पुढचे काहीच दिसत नाही.

काही वेळा मजकूर सुखरूप पोहोचतो आणि वाचकाच्या संगणकावर हरवतो. याचा सर्वांत चमत्कारिक नमुना मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये होता. ‘बिगिन’ हा इंग्रजी शब्द ओळीच्या आरंभी आणि त्यापुढे दोन मोकळ्या जागा आल्या, की तो प्रोग्राम पुढच्या मजकुराला जोडलेली फाइल समजत असे, कारण फाइली अक्षरांत रूपांतरित करण्याच्या यूयूएनकोड या १९८० सालच्या पद्धतीत फाइलची सुरुवात याच शब्दाने होते. त्यावर कंपनीने सुचवलेला उपाय असा की लिहिणाऱ्यांनी तो शब्दच टाळावा आणि दुसरा समानार्थी शब्द योजावा! सॉफ्टवेअरच्या सोयीसाठी जगाने आपली भाषा बदलावी, ही अपेक्षा धाडसाचीच म्हणावी लागेल. एमबॉक्स या जुन्या साठवणपद्धतीत, म्हणजे एकाच फाइलमध्ये सगळे संदेश एकाखाली एक ठेवण्याच्या पद्धतीत, ‘फ्रॉम’ हा शब्द आणि मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ नव्या संदेशाची नांदी मानली जाते; त्यामुळे तशी ओळ मजकुरात आली आणि प्रोग्रामाने तिच्याआधी कोनाकृती चिन्ह घातले नाही, तर एका संदेशाचे दोन होतात आणि दुसऱ्याला ना प्रेषक उरतो ना दिनांक.

तपासणीचा क्रम यातूनच ठरतो. आधी संदेशाचे मूळ रूप उघडावे. जीमेलमध्ये ते संदेशाच्या मेनूतून आणि थंडरबर्डमध्ये कंट्रोल व यू या कळींनी दिसते. तेथे मजकूर पूर्ण असेल तर दोष दाखवणाऱ्या प्रोग्रामाचा आहे. तेथेही अपुरा असेल, तर ठरावीक आकारापुढचा भाग उतरवून न घेण्याची मर्यादा खात्याच्या सेटिंगमध्ये घातलेली आहे का, ते पाहावे. थंडरबर्डमध्ये ही सोय आहे आणि अशा वेळी तो प्रोग्राम संदेशाच्या शेवटी तशी सूचनाही देतो. तीही नसेल तर दोष पाठवणाऱ्याकडे किंवा वाटेत आहे. येथे पाठवलेल्या संदेशांच्या कप्प्यातील प्रत पूर्ण दिसते म्हणून प्रेषक हात झटकतो, पण तो पुरावा कच्चा आहे : ई-मेल प्रोग्राम ती प्रत बहुतेक वेळा आयमॅप या वेगळ्या मार्गाने स्वतंत्रपणे ठेवतो, आणि जी प्रत एसएमटीपीच्या वाटेने गेलीच नाही ती त्या वाटेवरील अपघाताची साक्ष देऊ शकत नाही. त्यापेक्षा तोच मजकूर दुसऱ्या सेवेवरील पत्त्यावर पाठवावा, आणि तेथेही तुटल्यास तो निम्मा-निम्मा करून पाठवत जावा. काही फेऱ्यांत दोषी ओळ हाती लागते.

दोष पाठवणाऱ्या आज्ञावलीत असेल तर तिच्या कर्त्याने एकेक ओळ दुरुस्त करत बसू नये, तर संपूर्ण मजकूर बेस-६४ या पद्धतीने रूपांतरित करून पाठवावा. या पद्धतीच्या चौसष्ट चिन्हांत पूर्णविराम नाही आणि मोकळी जागाही नाही, तसेच तिच्यात ७६ चिन्हांनंतर ओळ मोडलीच जाते. त्यामुळे वरच्यांपैकी कोणतीही खूण तिच्यात चुकूनही उमटत नाही. मोबदल्यात आकार एक-तृतीयांशाने वाढतो, म्हणजे ‘मराठी’चे पंधरा बाइट वीस होतात. क्वोटेड प्रिंटेबल ही दुसरी मान्य पद्धत इंग्रजी मजकूर डोळ्यांनी वाचण्याजोगा ठेवते. तिच्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ बाइट घेते आणि तोच शब्द पंचेचाळीस बाइटांवर जातो, म्हणून मराठी मजकुरासाठी तिची निवड करण्याचे कारण उरत नाही.