लाईन दिवसा आली, आता चकव्याचं काय?

महिनाभरात ४५ हजारांहून अधिक सौर कृषी पंप बसवून महावितरणनं गिनीज बुकात नाव नोंदवलं. त्याच्या बातम्या, फोटो, दावे-प्रतिदावे सगळं वाचून झालंय. कोणाच्या वावरात पंप आला आणि कोण अजून वाट पाहतोय, हा जास्त तापणारा विषय. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण दिवसा चालणाऱ्या या पंपांमुळे वाशिम जिल्ह्यातलं रात्रीचं ओलित खरोखरच बंद झालं, तर इथल्या शिवारात पिढ्यान् पिढ्या रात्रपाळी करणारा एक जण बेकार होणार आहे. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तो म्हणजे चकवा.

रिसोड-मालेगावकडे ऐका की मानोऱ्याच्या जंगलपट्ट्यात, चकव्याच्या हकिकतीचा साचा ठरलेला असतो. थ्री फेज लाईन रात्रीची. माणूस स्टार्टर दाबायला निघतो. हरभऱ्यात स्प्रिंकलरचे पाइप बदलतो. पाय चिखलानं जड झालेले, अंगात थंडी भरलेली, बॅटरी पिवळी पडत आलेली. काम उरकून तो घराकडे वळतो. पांदण रोजची, पण सोयाबीन निघून गेलंय आणि मधल्या तुरी डोक्याच्या वर गेल्यात. कुठूनही पाहिलं तरी सारख्याच ओळी. बऱ्याच वेळानं समोर तोच धुरा, तीच बाभूळ, तीच विहीर. पुन्हा निघतो, पुन्हा तीच बाभूळ. ऐकणारे विचारतात, ‘मंग काय केलं?’ उत्तरही ठरलेलं: ‘काय करतं? बसलो तिथंच, बिडी लावली. उजाडल्यावर पाह्यलं, त वावर आपलंच!’

या हकिकतींत भूत दिसत नाही. सिनेमातल्या मुंज्यासारखा चेहरा नाही, हाक नाही, लग्नाचा हट्ट नाही. चकवा काहीच मागत नाही. तो फक्त वाट काढून घेतो. म्हणूनच सांगणाऱ्याला तो खोटा वाटत नाही, आणि माझ्या मते सांगणारा खोटं बोलतही नाही.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता. वाट हरवलेला माणूस खरंच गोल फिरतो का? २००९ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. त्यांनी सहा जणांना बीनवाल्ड नावाच्या जर्मनीतल्या सपाट जंगलात सोडलं, ‘सरळ चालत राहा’ एवढंच सांगितलं आणि जीपीएसवर त्यांचा माग काढला. ज्यांच्या डोक्यावर ऊन होतं ते तासन् तास जवळपास सरळ गेले. ज्या चौघांच्या वाट्याला ढगाळ दिवस आला, ते चौघेही गोल फिरले. त्यांतले तिघे पुन्हा पुन्हा आपलीच वाट ओलांडून गेले आणि त्यांना पत्ता लागला नाही. ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात एक जण रात्री चालला. चंद्र होता तोवर सरळ. चंद्र ढगाआड जाताच तो वळत वळत आला त्याच दिशेला परत निघाला. डोळे बांधून चालवलेल्या माणसांनी तर कधीकधी अवघ्या २० मीटर व्यासाचं रिंगण घातलं.

आपल्याकडे एक अर्धवट शास्त्रीय खुलासा चालतो: एक पाय किंचित आखूड असतो, म्हणून माणूस एकाच बाजूला वळतो. सौमन यांनी तोही तपासला. एकच माणूस कधी डावीकडे वळत होता, कधी उजवीकडे. पायाचा दोष असता तर वळण एकाच बाजूचं राहिलं असतं. त्यांचा निष्कर्ष असा, की ‘सरळ’ म्हणजे कुठे याचा शरीराचा अंदाज पावलागणिक थोडा थोडा ढळत जातो. सूर्य, चंद्र, डोंगर, मनोरा असं काही दिसत असलं, की तो आपसूक दुरुस्त होतो. दिसत नसलं, की चूक साचत जाते आणि चालणाऱ्याला मात्र आपण सरळ चाललोय याची खात्री असते. ढगाळ अमावास्या, डोक्यावर तुरी, विझती बॅटरी: ट्युबिंगेनच्या प्रयोगाला लागणारं सगळं साहित्य वाशिमच्या शिवारात फुकट मिळतं.

आता उपायाकडे पाहा. चकवा लागला, की बसून राहायचं, उजाडू द्यायचं. जंगलात हरवलेल्यांना शोधणारी पथकं जगभर हाच पहिला सल्ला देतात: आहात तिथेच थांबा. हे शहाणपण आमच्या म्हाताऱ्यांना कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय ठाऊक होतं. आयर्लंडच्या खेड्यांतही असाच चकवा आहे. तिथं म्हणे शिवारात परीलोकांनी भारलेला गवताचा एखादा तुकडा असतो. त्यावर पाय पडला, की ओळखीच्या कुरणातून बाहेर पडायचं फाटक सापडत नाही. उपाय काय, तर अंगातला कोट काढून उलटा घालायचा. छत्तीसगडात हेच काम भूलन कांदा नावाची रानवनस्पती करते. त्यावर संजीव बख्शी यांची कादंबरी आहे आणि तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कोट उलटा करायचा तरी आधी थांबावं लागतं, बिडी लावायची तरी थांबावं लागतं. माझ्या मते खरं औषध तेवढंच आहे.

आसरांचं, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचं, प्रकरण याहून गुंतागुंतीचं. विहिरीच्या थारोळ्याशी, नदीच्या डोहाकाठी शेंदूर लावलेले सात दगड महाराष्ट्रात कुठेही दिसतात. नारळ, हिरव्या बांगड्या, खणाची ओटी. दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत पायी हिंडून मावलायांची, म्हणजे अशाच मातृदेवतांची, ठाणी नोंदवली. १९६२ च्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त ती सापडतात. ॲन फेल्डहाउस यांनी १९९५ मध्ये महाराष्ट्रातल्या नद्यांवर पुस्तक लिहिलं, त्यातही साती आसरांना मोठी जागा आहे. या बायका पाण्यात ओढतात असा लौकिक, त्यामुळे पोरं भरदुपारी डोहाकडे फिरकत नाहीत. पोहता न येणाऱ्या लेकरांच्या गावात हा धाक कामाचाच होता.

पण ‘आसरा लागली’ हे निदान बाळंतिणीच्या किंवा आजारी सुनेच्या माथी बसलं, की गंमत संपते. आयर्लंडमध्ये १८९५ साली टिपररी परगण्यात ब्रिजेट क्लीअरी नावाच्या तरुण बाईला तिच्याच नवऱ्यानं जाळलं. ही आपली बायको नव्हेच, परीलोकांनी बदलून ठेवलेली कोणी आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडे भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारहाण थांबवायला २०१३ साल उजाडावं लागलं, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये नरेंद्र दाभोलकरांचा खून झाल्यावरच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. तेव्हा चकवा आणि आसरा दोघांनाही ‘आपली संस्कृती’ म्हणून एकाच पाटावर बसवणाऱ्यांशी माझं जमत नाही. स्वतःची फजिती सांगणारी गोष्ट वेगळी आणि दुसऱ्याच्या अंगात काहीतरी आहे असं ठरवणारी गोष्ट वेगळी.

आयर्लंडमध्ये खेडोपाडी वीज न्यायची मोहीम १९४६ मध्ये सुरू झाली. दिवे आले आणि परीलोक गेले, असं तिथली जुनी माणसं पुढे सांगत राहिली. पण त्या देशानं त्याआधीच एक शहाणपणा केला होता. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतल्या मुलांना आजी-आजोबांकडून गोष्टी विचारून वहीत उतरवायला लावलं. त्या वह्या आजही जपून ठेवलेल्या आहेत आणि अभ्यासक त्या वापरतात.

वाशिम जिल्हा परिषदेच्या शाळांना हे का जमू नये? दिवसा वीज हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. चकवा टिकावा म्हणून कोणी रात्री ओलिताला जावं, असं तिथं पाय चिखलात न घातलेला माणूसच म्हणू शकेल. शिवाय चकवा इतक्यात पुरता बेकार होणार नाही. पंप दिवसा चालले तरी रोही आणि रानडुकरं रात्रीच येतात, तेव्हा जागल काही चुकत नाही. तरी सांगणारी पिढी थकत चालली आहे. पोरांनी वहीत गाव, शिवार आणि पीक लिहावं. हातात बॅटरी होती का, हे विचारावं. तिथी आणि त्या रात्रीचं आभाळ विचारायला तर विसरूच नये. बहुतेक चकवे अंधाऱ्या पक्षात, ढगाळ रात्री लागलेले निघतील, असा माझा अंदाज आहे. पौर्णिमेच्या निरभ्र आभाळाखालीही तितकेच निघाले, तर सौमन साहेबांना वाशिमला बोलवावं लागेल.