पेद्री आणि त्याचे ७३ सामने

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत येते. तो चेंडू त्याच्यापर्यंत कोणी पोहोचवला, इकडे आपले फारसे लक्ष जात नाही. स्पेनचा पेद्री हा असा चेंडू पोहोचवणारा खेळाडू. अठराव्या वर्षी तो जगभर माहीत झाला आणि एकोणीस पूर्ण होण्याआधीच मांडीच्या दुखापतीने मैदानाबाहेर बसला. या दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. तो आपल्या खेळाडूंनी, त्यांच्या पालकांनी आणि शाळेच्या विश्वस्तांनीही समजून घ्यावा, असे आम्हांला वाटते.

बेटावरचा मुलगा

पेद्रीचे पूर्ण नाव पेद्रो गोन्सालेस लोपेस. जन्म २५ नोव्हेंबर २००२. स्पेनच्या मुख्य भूमीपासून हजार किलोमीटरहून अधिक दूर, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कॅनरी बेटे आहेत. त्यांपैकी तेनेरिफे बेटावरील तेगेस्ते हे त्याचे लहानसे गाव. वडिलांची तेथे खाणावळ होती. आजोबांनी गावात बार्सिलोना क्लबच्या चाहत्यांचे मंडळ सुरू केले होते. त्यामुळे त्या क्लबचे वेड त्याला घरातूनच मिळाले.

पंधरा वर्षांचा असताना त्याला रियल माद्रिदने चाचणीसाठी बोलावले, पण निवडले नाही. त्या दिवसांत माद्रिदमध्ये बर्फ पडल्याने सरावातही अडथळा आला होता. तो परत बेटावर आला. पुढे शेजारच्या ग्रान कॅनारिया बेटावरील लास पाल्मास क्लबने त्याला घेतले. ऑगस्ट २०१९ मध्ये, सतरा पूर्ण होण्याआधीच, तो स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये उतरला. पुढच्याच महिन्यात बार्सिलोनाने त्याच्यासाठी ५० लाख युरोंचा करार केला, आणि २०२० च्या उन्हाळ्यात तो त्या क्लबमध्ये दाखल झाला.

या लास पाल्मास क्लबशी आपल्या गोव्याचाही एक धागा जुळतो. २०१७ ते २०२० या काळात एफसी गोवा संघाचे प्रशिक्षक असलेले सर्जिओ लोबेरा हे त्याआधी, २०१२ ते २०१४ मध्ये, याच लास पाल्मासचे प्रशिक्षक होते. बार्सिलोनातही त्यांनी काम केले होते. त्यांच्या काळात फातोर्ड्याच्या मैदानावर ज्यांनी एफसी गोवाचे सामने पाहिले, त्यांना छोटे छोटे पास देत चेंडू आपल्याकडे राखण्याची स्पॅनिश पद्धत नवी नाही. स्पेनचाच फेरान कोरोमिनास त्या संघातून २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोन हंगाम इंडियन सुपर लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा ठरला होता.

मधल्या फळीचे काम

संघात गोलरक्षक, बचाव फळी, मधली फळी आणि आघाडीची फळी असे भाग असतात. मधल्या फळीतील खेळाडूने बचाव फळीकडून चेंडू घ्यायचा, तो सांभाळायचा आणि योग्य क्षणी पुढे द्यायचा. चारही बाजूंनी प्रतिस्पर्धी असल्यामुळे त्याला विचाराला वेळ मिळत नाही. म्हणून पेद्री विचार आधीच करून ठेवतो. चेंडू पायाशी येण्यापूर्वी तो मान वळवून दोन-तीनदा मागे-पुढे पाहतो. कोण कुठे उभा आहे, मोकळी जागा कुठे आहे, हे त्याला ठाऊक असते. चेंडू घेतानाच तो अंग अर्धे वळवतो, त्यामुळे पहिल्याच स्पर्शात त्याचे तोंड पुढच्या दिशेला होते. तो उंचापुरा नाही, फार दांडगाही नाही. त्याचे बळ नजरेत आहे. आपल्या मुलांनी सामना पाहताना दहा मिनिटे चेंडू सोडून फक्त अशा एका खेळाडूच्या मानेकडे पाहावे. बरेच काही शिकायला मिळेल.

एका वर्षात किती खेळ?

बार्सिलोनासाठी पहिल्याच हंगामात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, पेद्री ५२ सामने खेळला. मार्च २०२१ मध्ये तो स्पेनच्या राष्ट्रीय संघात आला. त्या उन्हाळ्यात झालेल्या युरो स्पर्धेत त्याने जवळजवळ प्रत्येक मिनिट मैदानावर काढले. ६ जुलै रोजी लंडनमध्ये इटलीविरुद्ध उपांत्य सामना झाला. त्यात निर्धारित ९० मिनिटांत त्याचा एकही पास चुकला नाही. स्पेन पेनल्टींवर हरला, पण स्पर्धेतील सर्वोत्तम तरुण खेळाडूचा मान पेद्रीला मिळाला.

त्यानंतर विश्रांती हवी होती. परंतु २२ जुलै रोजी तो जपानमध्ये ऑलिंपिकचा पहिला सामना खेळत होता! ७ ऑगस्टला अंतिम सामन्यात ब्राझीलकडून हार पत्करून स्पेनला रौप्यपदक मिळाले, आणि आठवड्याभरात बार्सिलोनाचा नवा हंगाम सुरू झाला. एका हंगामात त्याचे एकूण ७३ सामने झाले, अशी नोंद वृत्तपत्रांनी केली. त्याला दोन्ही स्पर्धांना नेल्याबद्दल बार्सिलोनाचे तेव्हाचे प्रशिक्षक रोनाल्ड कूमन यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या मांडीला दुखापत झाली. तो महिनाअखेरीस परतला, पण पुन्हा दुखावला आणि थेट जानेवारी २०२२ मध्ये मैदानावर दिसला. एप्रिलमध्ये मांडीचा स्नायू पुन्हा फाटला. आदल्या हंगामात क्लबसाठी ५२ सामने खेळलेला हा मुलगा त्या हंगामात केवळ २२ सामने खेळू शकला. गंमत अशी की, त्याच २०२१ च्या अखेरीस युरोपातील तरुण खेळाडूंसाठीचे 'गोल्डन बॉय' आणि 'कोपा' हे दोन्ही सन्मान त्याला मिळाले. करारमुक्तीची रक्कमही १०० कोटी युरो ठरली. पण स्नायूला ना बक्षिसे दिसतात, ना पैसे.

स्नायू का फाटतो?

मांडीच्या मागच्या स्नायूंना खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी पायाला आवरतही असतो. उतारावर सायकलचा ब्रेक जसा काम करतो, तसेच हे आहे. थकलेल्या स्नायूची आवरण्याची ताकद कमी होते आणि तो फाटण्याचा धोका वाढतो. एकदा फाटलेला स्नायू पूर्ण बरा होण्याआधी मैदानावर उतरले, तर तो पुन्हा फाटण्याची भीती अधिक असते. प्रत्येक दुखापतीचे कारण एकच असते असे नाही. परंतु सततचा खेळ आणि अपुरी विश्रांती हे मोठे कारण आहे, याबद्दल तज्ज्ञांत फारसे दुमत नाही.

वाढीच्या वयात आणखी एक गोष्ट असते. मुलांच्या हाडांची टोके अजून पक्की झालेली नसतात. स्नायू तेथे सतत ओढ देत राहिले की गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखू लागते. "एवढ्याने काय होते?" म्हणून आपण ते दुखणे उडवून लावतो. तसे करू नये.

पुन्हा उभा राहिला

पेद्रीने पुढची दोन-तीन वर्षे दुखापती आणि पुनरागमन यांतच काढली. २०२४ च्या युरो स्पर्धेत जर्मनीविरुद्ध आठव्याच मिनिटाला गुडघा दुखावून तो बाहेर पडला. स्पेनने ती स्पर्धा जिंकली, परंतु अंतिम सामना त्याला बाहेरूनच पाहावा लागला.

त्याच वर्षी हान्सी फ्लिक बार्सिलोनाचे प्रशिक्षक झाले. शरीराची ताकद वाढवण्याच्या व्यायामावर भर दिला गेला आणि अनेक सामन्यांत पेद्रीला शेवटच्या मिनिटांआधी बाहेर बोलावून घेतले जाऊ लागले. फळ दिसले. २०२४-२५ च्या हंगामात स्पॅनिश लीगच्या ३८ पैकी ३७ सामन्यांत तो खेळला. बार्सिलोनाने लीग जिंकली. २६ एप्रिल २०२५ रोजी स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यातील पहिला गोलही त्याचाच होता, आणि समोर होता एकेकाळी त्याला न निवडणारा रियल माद्रिद! तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये मांडीच्या स्नायूने पुन्हा त्रास दिला. म्हणजे काळजी एकदा घेऊन भागत नाही, ती रोज घ्यावी लागते.

आपण काय करावे?

शाळेत एखादा मुलगा किंवा मुलगी चांगली खेळू लागली की तिला सगळेच बोलावतात. शाळेचा संघ, तालुका स्पर्धा, वाड्यावरचा क्लब, सुट्टीतले शिबिर. प्रत्येकाला वाटते, आपला एकच तर सामना आहे. बेरीज कोणीच करत नाही. पेद्रीच्या बाबतीतही क्लब आणि देश या दोघांनाही तो हवाच होता.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत. पालकांनी घरी एक वही ठेवावी आणि मुलाचे सराव व सामने तीत लिहावेत, शाळेचे आणि क्लबचे एकत्र. आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण विश्रांती असावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर वर्षातून दोन-तीन महिने एकाच खेळापासून सुट्टी घ्यावी, असे सुचवते. त्या काळात पोहावे, इतर खेळ खेळावेत. क्रीडाशिक्षकांनी दुखणे सांगणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नये. विश्वस्त मंडळींनी चषकांची संख्या विचारताना किती मुले दुखापतीविना खेळली, हेही विचारावे. आणि मुलांनो, दुखत असेल तर लपवू नका. सरांना सांगा, घरी सांगा. पुढचा सामना खेळायला मिळावा म्हणून एखादा सामना सोडणे, हाही खेळाचाच भाग आहे.